वाटेत राहिलेला प्रश्न

शिंपीकाकांचा हात वर गेला तेव्हा उपदेश ऐन रंगात आला होता. धाकटी वेदीच्या डाव्या अंगाला, तिच्यासाठी मुद्दाम करून घेतलेल्या लाकडी चौथऱ्यावर उभी राहून दादाचं बोलणं हातांनी सांगत होती. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, आणि गेली अकरा वर्षं या चर्चच्या मंडळीचा पाळक. पहिल्या बाकावर तिघं बहिरी बसायची: शिंपीकाका, आणि बेकरीत राबणारं एक नवराबायकोचं जोडपं. अडीचशे माणसांच्या उपासनेत ही तीनच माणसं तिच्याकडं बघायची, बाकीची दादाकडं. आणि बघतील नाहीतर काय करतील? दादाचा आवाजच असा, की त्यानं टेलिफोनची डिरेक्टरी वाचली तरी बायकांनी पदर डोळ्यांना लावावेत. त्या रविवारी त्यानं बहिऱ्याचे कान उघडल्याची गोष्ट घेतली होती. लोक त्या बहिऱ्याला प्रभूकडं घेऊन येतात, प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला हात लावतो, आभाळाकडं बघून उसासा टाकतो, आणि कान मोकळे होतात. धाकटीची बोटं कानाशी होती, आणि तेवढ्यात काकांनी हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपर ताठ. मग तोच हात खाली आणून त्यांनी विचारलं, 'रस्त्यावरच्या त्या आंधळ्याला प्रभूनं विचारलं होतं, तुला काय हवंय म्हणून. बहिऱ्याला नाही विचारलं. का नाही विचारलं?' आठदहा खुणा, चार सेकंदांचं काम. आणि मान जरा पुढं काढून ते थांबून राहिले. खुणांच्या भाषेत प्रश्नचिन्ह चेहऱ्यावर असतं. चेहरा सैल पडेपर्यंत प्रश्न संपत नाही.

आता दुभाष्याचं काम ते काय? इकडचं पाणी तिकडं न्यायचं, वाटेत प्यायचं नाही. तिनं तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, "पाळकसाहेब, एक प्रश्न आलाय." पण या चर्चमध्ये पाणी एकाच दिशेनं वाहायचं, व्यासपीठाकडून बाकांकडं. उलटं काही वाहून न्यायची वेळ अकरा वर्षांत आली नव्हती, आणि भर उपदेशात तर कुणी खोकलंसुद्धा नव्हतं. दादाचं पुढचं वाक्य आलं, तिचे हात सवयीनं त्याच्यामागं धावले, आणि काकांचा प्रश्न तिच्या घशात राहिला तो राहिलाच. मग उपदेश संपला. संपल्यावर दादानं नेहमीसारखं पुस्तक मिटलं आणि नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या मनात काही प्रश्न?" आणि त्याच श्वासात, "तर आपण प्रार्थना करू या." या दोन वाक्यांच्या मधे सुई शिरायलाही फट नसायची. लोकांनाही इतकी सवय, की 'प्रश्न' हा शब्द कानावर पडला की अडीचशे माना खाली आणि पाचशे डोळे बंद. गाणाऱ्या पोरी आपसांत त्याला 'आमेनसाहेब' म्हणायच्या, आणि ते त्याला ठाऊक होतं, आणि तो हसायचाही. डोळे मात्र बहिऱ्यांना मिटता येत नाहीत. मिटले तर प्रार्थना दिसणार कशी? म्हणून दर रविवारी ती पाच मिनिटं अख्ख्या चर्चमध्ये चारच माणसं जागी असल्यासारखी एकमेकांकडं बघत असायची. त्या रविवारी काका तिच्या हातांकडं बघत नव्हते, तोंडाकडं बघत होते. ते उघडत नाही असं दिसल्यावर त्यांनी हातांची घडी घातली. आपल्याला शाळेत म्हणायचे, हाताची घडी तोंडावर बोट. त्यात आपल्याला गप्प करायचं ते बोट. बहिऱ्याला नुसती घडी पुरते.

सोमवारी ती कामावर गेली. रक्त-लघवीच्या तपासण्या करणाऱ्या एका लॅबमध्ये पुढच्या खिडकीपाशी बसून रिपोर्टची पाकिटं देणं हे तिचं काम, एकोणीस वर्षांचं. पाकीट घेतलं की माणूस तिथंच फोडतो. कागदावर जो आकडा हवा त्यापेक्षा जास्त किंवा कमी असेल तो जाड अक्षरात छापलेला असतो, आणि माणसाची नजर दुसरीकडं कुठं जातच नाही. "ताई, हे जाड का आलंय हो?" "डॉक्टरांना दाखवा." "वाईट आहे का काही?" "डॉक्टरांना विचारा." दिवसातून साठसत्तर वेळा. नियमच आहे तसा, आणि नियम बरोबरही आहे. पण त्या सोमवारी एक बाई पाकीट फोडून खिडकीशी नुसतीच उभी राहिली. काही विचारलं नाही तिनं, फक्त मान जरा पुढं काढली, काकांसारखी. "बसा हो," ती म्हणाली, "पाणी पिता?" आणि मागच्या रांगेतला गृहस्थ म्हणाला, अहो, इथं पाकिटं मिळतात की पाणी. सगळे हसले. ती बाईपण हसली बिचारी. धाकटीला मात्र वाटलं, आपण जन्मभर दुसऱ्यांचे प्रश्नच गिळत आलोय, आणि आता पोटात जागा राहिलेली नाही.

पहिला गिळला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई बहिरी, जन्माची. बाबांना ऐकू यायचं. त्यांनी आईशी लग्न करताना तिची भाषा शिकून घेतली होती, तीसुद्धा अशी चोख की आईशी भांडताना ते बोटांनी टोमणे मारायचे. घरात अर्ध्या खुणा साऱ्या बहिऱ्यांच्या आणि अर्ध्या आईनं स्वतः पाडलेल्या. 'माहीत नाही' ही तिची खास खूण: दोन्ही हातांत डबा धरल्यासारखं करायचं, तो उलटा करायचा आणि दोनदा हलवायचा. बघ बाई, काही उरलं नाही. माणसांना नावंही तीच पाडायची. धाकटीचं नाव म्हणजे गालाच्या खळीवर टेकलेलं बोट. दादाचं म्हणजे कानामागची पेन्सिल. आई चर्चला यायची आणि बाहेरून पाहुणा उपदेशक आला की लोक तिला पुढं घालायचे, मग तो उपदेशक तिच्या कानांवर हात ठेवून डोळे घट्ट मिटून मोठ्यामोठ्यानं प्रार्थना करायचा. आई घरी येऊन नक्कल करायची. 'माझे कान म्हणजे दारावरची घंटा झालेत, येईल त्यानं वाजवून बघावी.' बाबा हसून लोळायचे. पण नंतर ती केस विंचरताना बराच वेळ आरशात कानांकडं बघत बसायची, हे धाकटीनं पाहिलं होतं.

मग बाबा आजारी पडले, आणि रुग्णालयातल्या त्या लांबलचक खोलीत, आठव्या खाटेपाशी, डॉक्टर कागद हातात घेऊन उभे होते. आईनं धाकटीच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, 'विचार त्यांना, हा घरी येणार का?' दादा तेरा वर्षांचा, पण त्याला बाहेर हातवारे करायची लाज वाटायची, म्हणून बाहेरची सगळी बोलणी धाकटीकडं. तिनं डॉक्टरांकडं बघितलं. त्यांच्या चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी लावलेली होती, हे तिला आजही डोळे मिटले की दिसतं. ती म्हणाली, "आई विचारतेय, ह्यांना जेवायला काय द्यायचं?" डॉक्टर म्हणाले, "हलकं काहीतरी. सूप वगैरे." आणि धाकटी आईकडं वळून म्हणाली, 'येणार घरी. सूप दे.' सहा दिवस आई स्टीलच्या बरणीत गरम सूप घेऊन दोन मैल चालत येत होती. सातव्या दिवशी खाट रिकामी होती, आणि बरणी तशीच भरलेली परत घेऊन जायची होती. आई रागावली असती, एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तिनं काय केलं, तर बाजारातून एक पाटी आणली, आणि त्यानंतर कुठंही जायचं झालं की वाकड्यातिकड्या अक्षरांत आपला प्रश्न पाटीवर लिहून ती समोरच्याच्या तोंडासमोर धरायची. पोरीला म्हणून विचारायला सांगितलं नाही परत. दादा पाळक झाल्यावर आई पहिल्या बाकावर बसायला लागली, शेजारच्या शिंपीकाकांना तिनंच ओढून आणलं, 'चल, तिथं आपल्याशीपण बोलतात' म्हणून. धाकटीचा चौथरा तेव्हाचा. पण दादानं आईसाठीसुद्धा वेदीवरून कधी खुणा केल्या नाहीत. लेकाचे सगळे उपदेश तिनं लेकीच्या हातून ऐकले. जाऊन चार वर्षं झाली तिला.

बुधवारी कामावरून सुटल्यावर धाकटी काकांच्या दुकानात गेली. तिथं दार उघडलं की घंटेऐवजी दिवा लागतो. काका शिवणयंत्रावर डाव्या हाताचा तळवा टेकवून काम करतात. दोरा गुंतला तर त्यांना तो हाताला कळतो, आपल्याला कानाला कळायच्या आधी. दिवा लागला तसं त्यांनी वर बघितलं, गळ्यातली फीत सारखी केली आणि स्टूल पुढं सरकवलं. आणि नेहमीच्या थट्टामस्करीशिवाय एकदम विचारलं, गळ्याभोवती बोट फिरवून (काकांनी दादाला दिलेलं नाव ते, पांढऱ्या कॉलरचं), 'साहेब काय म्हणाले?' धाकटीला आधी उमजेचना. मग उमजलं. म्हणजे काका धरून चालले होते की तिनं प्रश्न सांगितला. का नाही धरणार? चौथऱ्यावर उभ्या असलेल्या पोरीचं काम ते. काकांच्या हिशेबी साहेबांनी प्रश्न ऐकला, आणि उत्तर द्यायच्याही लायकीचा नाही म्हणून सोडून दिला. 'वाईट होता का माझा प्रश्न?' काकांनी विचारलं. 'चार दिवस विचार करतोय. मी देवाला नावं नाही ठेवली. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या कानांवरपण किती जणांनी हात ठेवले, मला कुणी विचारलं नाही. म्हटलं, त्यानं तरी विचारलं असेल का.' धाकटीनं सांगायला हात उचलले. आणि काय सांगितलं? 'वेळ कमी होता त्या दिवशी.' झालं! आपलं पाप थोरल्या भावाच्या गळ्यात अडकवून बाई मोकळी. काकांनी मान हलवली. 'राग नाही,' ते म्हणाले, 'पण मी आता येणार नाही. भिंतीशीच बोलायचं तर घरची भिंत काय वाईट आहे?' आणि तळवा परत यंत्रावर टेकवला. ती उठली तेव्हा दिवा परत लागला, पण त्यांनी वर बघितलं नाही.

रस्त्यानं येताना ती स्वतःशीच भांडत होती. काय बिघडलं असतं तोंड उघडलं असतं तर? दादा ओरडला असता? त्यानं जन्मात कुणावर आवाज चढवलेला नाही. मंडळीनं नावं ठेवली असती? ठेवली असती. चर्चच्या पंचांचे अध्यक्ष, ते निवृत्त हेडमास्तर, रविवारच्या शाळेत अजून शिकवतात की शंका म्हणजे विश्वासाला लागलेली वाळवी. पण ती भीती खरी नव्हती, हे तिला चौकापर्यंत पोचता पोचता कळलं. तिला दादा उत्तर देऊ शकणार नाही याची भीती वाटली होती. खाटेपाशी डॉक्टरांकडं बघतानाही तेच. मोठी माणसं जिथं अडखळतात तिथं लहानांनी बघू नये, अशी तिची समजूत. आणि पन्नाशीला आली तरी दादासमोर ती नऊ वर्षांचीच. भावाला सांभाळायला गेली आणि काकांना बुडवून बसली.

गुरुवारी संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. वहिनी लेकीकडं गेलेली, आणि दादा स्वयंपाकघरातल्या टेबलावर घोंगडी पसरून उपासनेचा झगा स्वतःच इस्त्री करत होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. ठेवली असती तर पुन्हा धीर झाला नसता.

"दादा, रविवारी काकांनी प्रश्न विचारला होता. भर उपदेशात. मी तो तुला सांगितलाच नाही."

इस्त्री थांबली नाही. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दिसलं मला, धाकटे. मीपण त्याच आईच्या पोटचा ना? आंधळ्याला विचारलं, बहिऱ्याला का नाही."

"मग थांबला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघितली. नाही सांगितलंस तेव्हा, खरं सांगू? हायसं वाटलं. त्या प्रार्थनेत पहिले आभार मानले ते तू गप्प बसलीस त्याचे." तो इस्त्री एकाच बाहीवरून मागंपुढं फिरवत होता. "डोळे उघडेच होते माझे. त्यांनी घडी घातली ते बघितलं मी."

धाकटीला इतका संताप आला की हसूच फुटलं. चार दिवस ही इथं जीव जाळून घेतेय, आणि हा शहाणा सगळं पोटात घालून कॉलर कडक करतोय. "आणि तिकडं काका समजतायत की साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं! मी मेली त्यांना खरं काही बोलले नाही."

"बरोबरच समजतायत की."

"दादा!"

"अगं मग काय उत्तर देणार होतो मी? येत नाही मला उत्तर. ती गोष्ट मी वीस वेळा सांगितली असेल, हे कधी मनातच आलं नाही. आईच्या पोटचा असून! आता तिथं उभं राहून म्हणू, मला माहीत नाही? कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं पोर अंथरुणाला खिळलेलं असतं. लोक टेकायला येतात. हलणारा खांब काय कामाचा? पाळकच वाट विचारत बसला तर कळप कुठं जाईल?"

"कळप कुठंही जात नाही, दादा. बाकावर बसलाय, डोळे मिटून. गेलाय तो एक शिंपी."

दादानं इस्त्रीवरचा हात काढला. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णवांना सोडून जायची गोष्ट त्यानंच तिला लहानपणी सांगितली होती, पांघरुणात, दोघांच्या मधे टॉर्च धरून. तो म्हणाला, "तुला आठवतं, बाबांच्या वेळी तू डॉक्टरांना जेवणाचं विचारलंस?"

तिला वाटलं, जमीन दुभंगावी. इतक्या वर्षांत दोघं त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. "तू ऐकलंस ते?"

"खिडकीशीच होतो. ऐकलं, आणि आईला तू काय सांगितलंस तेही बघितलं. मग डॉक्टर जिना उतरत होते, त्यांना गाठलं मी. विचारलं, बाबा घरी येणार का. त्यांनी मला मोठ्या माणसासारखं खरं सांगितलं. म्हणाले, नाही. आठवडासुद्धा नाही." दादानं चष्मा काढला. "सहा दिवस, धाकटे. तुम्ही दोघी सूप करत होतात आणि मला माहीत होतं. आईशेजारी चालायचो, ती बरणी माझ्या हातात द्यायची. प्रश्न विचारला की उत्तर मिळतं, आणि मग ते एकट्यानं धरून बसायचं. तेव्हापासून कुणी हात वर केला की मला तो जिना दिसतो. मी म्हणतो, देवा, नको. प्रार्थना करू या."

आणि तो रडायला लागला, पन्नाशी उलटलेला, अडीचशे माणसांचा खांब. धाकटीनं पिशवी टाकली आणि त्याला धरलं. तिला वाटत होतं की त्या खोटेपणात आपण एकट्याच होतो, आणि इथं हा खरेपणा घेऊन तितकाच एकटा. दोघांतल्या एकानं जरी दुसऱ्याला विचारलं असतं! "अरे, प्रभूसुद्धा शेवटी प्रश्नच विचारून गेला की," ती त्याचं डोकं थोपटत म्हणाली, "क्रुसावरून, माझ्या देवा, मला का सोडलंस म्हणून. त्याला तरी कुठं उत्तर आलं? आणि त्यालाच तुम्ही लोक विश्वास म्हणता." दादा नाक ओढत म्हणाला, "हे चांगलंय. उपदेशात घेऊ?" "खबरदार," ती म्हणाली, आणि तेवढ्यात दोघांनाही जळका वास आला. इस्त्री बाहीवरच राहिली होती.

म्हणून शनिवारी ती काकांच्या दुकानात गेली ती झगा घेऊन. दिवा लागला. तिनं झगा टेबलावर ठेवला आणि हात मोकळे करून सगळं एका दमात सांगितलं: प्रश्न मी गिळला, साहेबांना मी सांगितला नाही, बुधवारी परत खोटं बोलले, आणि साहेबांनी तो पाहिला होता तरी तेही घाबरले. काका तिच्या हातांकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं ते फक्त, 'तू?' आणि थोड्या वेळानं, 'तो कॉलरवाला परका म्हणून सोडून देता येतं. तू तर आमची.' तिला रडताना बघून काकांनी तोंड फिरवलं, झगा उलगडला, बाहीवरचा इस्त्रीएवढा डाग उजेडात धरला आणि कपाळाला हात लावला. डागाचं कापड कापून, आतल्या शिवणीत दडलेलं कापड घेऊन त्यांनी असं ठिगळ जोडलं की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. 'उद्या येणार?' तिनं दारातून विचारलं. 'बघू,' काका म्हणाले.

रविवारी उपासना सुरू झाली तेव्हा काकांची जागा रिकामी होती. पहिलं गीत झालं, वाचन झालं, बेकरीवाली मधेमधे शेजारच्या मोकळ्या जागेवर हात फिरवत होती. उपदेश सुरू झाल्यावर कधीतरी दार उघडलं आणि काका येऊन बसले, हातांची घडी घालूनच. दादा काय बोलला ते धाकटीला नंतर काही आठवलं नाही. तिचे हात आपले सांगत होते. मग पुस्तक मिटलं. "कुणाच्या मनात काही प्रश्न?" दादा म्हणाला, आणि सवयीनं अडीचशे माना खाली, डोळे बंद. पण पुढचं वाक्य आलं नाही. लोक डोळे मिटून वाट बघत राहिले. कुणीतरी खाकरलं. पंखे फिरत होते. डोळे उघडे असलेली माणसं पाच होती, आणि त्यातलं पाचवं व्यासपीठावरून पहिल्या बाकाकडं बघत होतं. काकांनी घडी सोडली. सावकाश हात वर केला, कोपर ताठ.

दुभाष्यानं बोलताना 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं. ज्याचा प्रश्न त्याच्याच तोंडानं बोलायचं असतं. आईचे प्रश्न सांगताना धाकटीनं नेहमी 'आई विचारतेय' म्हटलं होतं. तिनं घसा साफ केला. "पाळकसाहेब, मला एक विचारायचंय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "प्रभूनं आंधळ्याला विचारलं, तुला काय हवंय. मला का नाही विचारलं?"

पाचशे डोळे उघडले. एवढ्या सगळ्यांनी तिच्याकडं बघायची ही पहिलीच वेळ. दादा व्यासपीठावरून खाली उतरला, पहिल्या बाकासमोर आला, आणि त्यानं झग्याच्या बाह्या मागं सारल्या. चाळीस वर्षं चारचौघांत न वापरलेले हात. त्यानं दोन्ही हातांत डबा धरल्यासारखं केलं. तो उलटा केला. दोनदा हलवला. शिंपीकाकांनी आईला ती खूण करताना शंभरदा पाहिलं होतं. ते पटकन जागेवर सरळ झाले.

"काय? काय म्हणाले?" मागून हेडमास्तर ओरडले. त्यांच्या कानातलं यंत्र शीळ घालत होतं.

आता सगळी मंडळी धाकटीकडं बघत होती. पाळक काय म्हणाले ते पाळकाच्या मंडळीला कळेना, आणि बहिऱ्यांच्या बाकाला कळलं होतं. "माहीत नाही म्हणाले," ती म्हणाली.

"कुणाला माहीत नाही?"

"पाळकसाहेबांना!" ती जोरात म्हणाली, आणि गाणाऱ्या पोरींपैकी कुणीतरी फिसकन हसलं, मग बरीच माणसं हसली, पण ते हसणं टिंगलीचं नव्हतं. कुणीतरी फार वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तसं ते होतं. हेडमास्तर तेवढे हसले नाहीत. ते आपलं यंत्र कानातून काढून हातात घेऊन बघत बसले. दादा वेदीच्या पायरीवरच बसला, काकांच्या समोर, त्यांच्या नजरेच्या उंचीला. 'तुम्हाला काय वाटतं?' त्यानं विचारलं. शेवटची खूण चुकली. काकांनी त्याचं मनगट धरून ती सरळ करून दिली.

मग काका बोलले, आणि धाकटी बोलत गेली. "मला वाटतं, विचारलं असेल त्यानं. गर्दीतून बाजूला का नेलं? गर्दीत खुणा नीट दिसत नाहीत. कानाला हात लावला, जिभेला लावला, वर बघितलं. आम्ही असंच तर विचारतो. लिहिणाऱ्याला खुणा येत नसतील, म्हणून त्याचा प्रश्न लिहायचा राहिला. पण हे माझं मत. मलाही माहीत नाही." चर्च शांत होतं, पण डोळे मिटलेली शांतता नव्हती ती. मागच्या बाकांवर एका बाईनं हात वर केला, अर्धवट, आणि खाली घेतला, आणि परत वर केला. दादानं तिला हातानंच थांबायला सांगितलं, येतो तुमच्याकडं. काका अजून धाकटीकडं बघत होते. त्यांनी गालावर बोट टेकवलं, खळीवर. आई गेल्यापासून तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

'सगळं सांगितलंस ना?' त्यांनी विचारलं. 'काही गाळलं नाहीस?'

"नाही, काका," ती म्हणाली, तोंडानं आणि हातांनी, दोन्हींनी. "सगळं सांगितलं."